भात्याची हवा: साध्या गाडीतल्या सुपरचार्जरचा इतिहास

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा हवेचा पंप. पेट्रोलच्या इंजिनाचा जोर पेट्रोलवर ठरतो असे वाटते, पण खरी अडचण हवेची असते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे सोडता येते. हवा मात्र पिस्टन खाली सरकताना जेवढी ओढली जाईल तेवढीच मिळते आणि त्या ओढीला बाहेरच्या हवेच्या दाबाची मर्यादा असते. जास्त जोर हवा असेल तर इंजिन मोठे करावे, ते अधिक वेगाने फिरवावे किंवा हवा दाबून आत भरावी, अशा तीन वाटा उरतात. तिसरी वाट लोहाराला फार पूर्वीपासून ठाऊक होती. भट्टीतला कोळसा तोच असतो, पण भाता ओढला की लोखंड लाल होते.

हे साम्य केवळ उपमेपुरते नाही. मोटारीच्या सुपरचार्जरचा सर्वांत जुना आणि आजही वापरातला प्रकार भट्टीच्या भात्यातूनच जन्माला आला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचे गाव आहे. तिथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीसाठी पाण्यावर चालणारे नवे चाक बनवताना त्यांनी एका पेटीत दोन लाकडी पाती एकमेकींत गुंतून फिरतील अशी रचना केली. लाकूड पाण्याने फुगले, चाक अडले आणि दुरुस्तीनंतर कोरडेच फिरवून पाहताना त्यातून हवेचा जोरदार झोत निघाला, अशी हकिगत सांगतात. पाण्याचे चाक म्हणून ते यंत्र फसले. पण ओतशाळेच्या भट्टीला हवा पुरवण्यासाठी ते उत्तम आहे हे ध्यानात आले आणि १८६० मध्ये भावांनी त्याचे पेटंट घेतले. पुढे खाणींना वारा पुरवण्यासाठी आणि ओतशाळांसाठी हे पंप सर्वदूर गेले. न्यूयॉर्कच्या रस्त्याखाली १८७० मध्ये हवेच्या दाबावर चालणारा एक डबा प्रयोग म्हणून धावला, तोही अशाच एका अजस्र रूट्स पंपाने ढकललेला. तोवर मोटारगाडीचा जन्मही झाला नव्हता.

गाडी आली तेव्हा ही कल्पना तिच्या बरोबरीनेच आली. गॉटलीब डाइमलर यांच्या १८८५ च्या जर्मन पेटंटात सिलिंडरमध्ये जादा हवा ढकलण्याचा विचार आहे. लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये फ्रान्समध्ये पंख्यासारख्या, म्हणजे केंद्रोत्सारी पंपाचे पेटंट घेतले. पण रस्त्यावर पहिले ठळक यश मिळाले ते पेनसिल्व्हेनियातल्या ली चॅडविक यांना. त्यांच्या मोठ्या सहा-सिलिंडर गाडीला वेग वाढला की हवा पुरत नव्हती. त्यांनी चामडी पट्ट्यावर फिरणारा पंखा बसवला, मग एकामागे एक असे तीन पंखे. मे १९०८ मध्ये विल्क्स-बॅरीजवळच्या ‘जायंट्स डिस्पेअर’ या घाटाच्या शर्यतीत विली हाउप्ट यांनी ही गाडी पहिली आणली. चॅडविक यांचा कारखाना मात्र पुढे फार दिवस टिकला नाही.

त्यानंतरची दहा वर्षे या विद्येची वाढ जमिनीवर नव्हे, आकाशात झाली. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिन दमते. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा दम भरून काढण्यासाठी अनेक देशांचे अभियंते हवेच्या पंपांवर काम करू लागले. युद्ध संपल्यावर जर्मनीत विमानांची इंजिने बनवायला बंदी आली आणि ते ज्ञान गाड्यांकडे वळले. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजने दोन सुपरचार्ज्ड गाड्या मांडल्या आणि त्या नेहमीच्या उत्पादनात आणल्या. त्यांतला रूट्स पंप सतत फिरत नसे. चालकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की क्लच जुळे, पंप फिरू लागे आणि गाडीतून किंचाळल्यासारखा आवाज निघे. पाय उचलला की सगळे शांत. ही सोय चैनीसाठी केलेली नव्हती. इंजिनाला ती हवा थोडाच वेळ सोसत असे.

या न सोसण्याचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचे नळकांडे हाताला गरम लागते, ते थोडे घर्षणामुळे आणि बरेचसे याच कारणाने. २० अंशांची हवा बाहेरच्या दाबापेक्षा ०.४ बार जास्त दाबली, तर निर्दोष पंपातही ती ५० अंशांच्या जवळ पोहोचते. रूट्स पंप तितका निर्दोष नसतो. तो हवा स्वतःच्या पोटात दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. दाब पुढच्या नळीत साचतो आणि हवा ७० अंशांच्याही वर जाते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाबून मिळवलेला फायदा थोडा वाया जातो. ते चालून गेले असते. त्याहून वाईट म्हणजे सिलिंडरमधले तापलेले मिश्रण ठिणगीच्या ज्वालेची वाट न पाहता आपणच स्फोटासारखे पेटते. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात तो हा ठोका. काही मिनिटे तो तसाच चालू राहिला तर पिस्टनला भोक पडते. म्हणून सुपरचार्जरचा इतिहास हा पंपापेक्षा ठोका आवरण्याच्या प्रयत्नांचा इतिहास अधिक आहे. अमेरिकेत थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये शिशाचे संयुग सापडले आणि १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळून विकले जाऊ लागले. त्याने ठोका आवरला आणि हवा भरायला जागा मिळाली. ते शिसे पुढे अनेक पिढ्यांच्या श्वासात गेले, ही त्या सोयीची जबर किंमत आहे.

शर्यतींत मग हे यंत्र सर्वत्र दिसू लागले. १९२३ मध्ये मोंझा इथे फियाटच्या सुपरचार्ज्ड गाडीने इटालियन ग्रांप्री जिंकली. १९२४ मध्ये इंडियानापोलिसला ड्यूसेनबर्गने तेच केले. इंग्लंडमध्ये शर्यतपटू टिम बर्किन यांनी साडेचार लिटरच्या बेंटलीच्या नाकासमोर मोठा पंप बसवून घेतला. बेंटली कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला ठाम विरोध होता. जोर हवा तर इंजिन मोठे करा, हवा कोंबून ते बिघडवू नका, असे त्यांचे मत. या वादात दोघांचेही थोडे थोडे खरे होते. बर्किन १९३० च्या फ्रेंच ग्रांप्रीत त्या अवजड गाडीने दुसरे आले, पण ल मान्सची चोवीस तासांची शर्यत बेंटलीने त्या काळात जिंकली ती नेहमी बिनपंपाच्या इंजिनांनीच.

श्रीमंतांच्या गाड्यांत पंप दिमाखाची वस्तू झाला होता. ड्यूसेनबर्गचे ‘जे’ मॉडेल २६५ अश्वशक्तीचे; १९३२ मध्ये त्यालाच पंप बसवून आलेले ‘एसजे’ ३२० अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी या मालिकेतली गाडी घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग कारखान्याकडून उघडी स्पीडस्टर बॉडी चढवली. मराठी संस्थानिकाच्या ताफ्यातली ती गाडी आज जगातल्या नामांकित ड्यूसेनबर्गमध्ये गणली जाते. मध्यमवर्गाच्या आवाक्यात हे यंत्र आणण्याचा पहिला प्रामाणिक प्रयत्न मात्र डेट्रॉइटच्या ग्रॅहॅम कंपनीचा. १९३४ पासून तिने बेताच्या किमतीच्या गाड्यांत केंद्रोत्सारी पंप दिला आणि काही वर्षे तो टिकवलाही.

इथपर्यंत सुपरचार्जर ही कारखान्याने द्यायची वस्तू होती. आपल्या साध्या गाडीला ती आपणच बसवायची, ही प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली आणि तिचे मूळ डिझेलच्या भंगारात आहे. जनरल मोटर्सने १९३८ मध्ये ‘७१’ मालिकेची डिझेल इंजिने काढली. एका सिलिंडरचे आकारमान ७१ घनइंच, म्हणजे जवळजवळ १.१६ लिटर, सहा सिलिंडरचे ते ‘६-७१’. ही इंजिने टू-स्ट्रोक होती. अशा इंजिनात हवा ओढून घेण्याची स्वतंत्र फेरी नसते, म्हणून जळका धूर बाहेर लोटून ताजी हवा आत आणायला रूट्स पंप लागतोच. त्या पंपाचा हेतू जोर वाढवण्याचा नव्हता; त्याच्याशिवाय इंजिन चालूच होत नसे. युद्धात ही इंजिने सैनिक उतरवणाऱ्या होड्यांत आणि शर्मन रणगाड्यांच्या एका प्रकारात हजारोंनी बसली, युद्धानंतर बसगाड्यांत आली. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या भंगारवाल्यांकडे ॲल्युमिनियमचे जाडजूड पंप स्वस्तात मिळू लागले.

त्याच काळात लॉस एंजेलिसच्या आसपासची तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्यांची मडगार्डे काढून त्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवत होती. बार्नी नवारो यांनी तीन सिलिंडरच्या डिझेलचा ‘३-७१’ पंप फोर्डच्या व्ही-८ इंजिनावर चढवला आणि एक रीत पडली. ‘६-७१’ पंप लांबट पेटीसारखा असतो. त्याच्या पोटात तीन-तीन पाकळ्यांचे दोन पिळदार दांडे एकमेकांना न शिवता फिरतात; त्यांच्यात कागदाएवढी फट असते आणि टोकाचे दातेरी चाक ती फट सांभाळते. डिझेलमध्ये तो दातेरी चाकांवर फिरे. गाडीत बसवताना क्रँकशाफ्टच्या टोकाला पुली लावून पट्ट्याने फिरवावा लागे आणि सुरुवातीला पट्टे घसरत. दातेरी रबरी पट्टा आला तेव्हा ती कटकट संपली. पंपाच्या डोक्यावर दोन-चार कार्ब्युरेटर, पंपाखाली घरी ओतलेले किंवा वेल्डिंग केलेले मॅनिफोल्ड. बोनेट बसणे शक्यच नसे, त्यामुळे सगळा संसार उघड्यावर. ड्रॅग रेसिंगच्या सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्या आजही त्याच वंशातला ‘१४-७१’ नावाचा पंप वापरतात आणि तो नुसता फिरवायलाच काही शे अश्वशक्ती खर्ची पडते. बसच्या भंगारातून एवढा लांबचा प्रवास करणारा दुसरा सुटा भाग मोटारींच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

पण हा शर्यतवेड्यांचा मार्ग झाला. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी वेगळी व्यवस्था होती. ब्रिटनमध्ये शॉरॉक आणि मार्शल या नावांचे पंप एमजी आणि मॉरिस मायनरसारख्या लहान गाड्यांना बसवले जात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कॉनशोहॉकेन गावातल्या जडसन कंपनीने १९५६ च्या सुमारास फोक्सवॅगन बीटलसाठी संच काढला. साध्या गाडीला जोर देण्याच्या साऱ्या खटाटोपात हा संच फार समजुतीने बेतलेला होता. बीटलचे इंजिन ११९२ सीसीचे आणि ३६ अश्वशक्तीचे. अमेरिकेच्या महामार्गावर चढ आला की ट्रकांच्या मागे रांगेत रेंगाळणारे. मात्र त्याचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ६.६ इतके कमी होते, आणि कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला दाबलेली हवा बरी पचते. जडसनचा पंप पातींचा होता. गोल पोकळीत एका बाजूला सरकलेला दंड, दंडाच्या खाचांत सरकणारी चार पाती. दंड फिरला की पाती बाहेर येऊन भिंतीला घासत हवा पुढे लोटत. गाडीचा मूळ कार्ब्युरेटर काढायचा, त्या जागी पंप बसवायचा आणि तोच कार्ब्युरेटर पंपाला जोडायचा. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून पट्टा घ्यायचा. घरची हत्यारे पुरत, इंजिन उतरवावे लागत नसे. जोर जवळपास निम्म्याने वाढतो असा कंपनीचा दावा असे.

त्या संचातली खरी लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे तेलाची बाटली. पाती घासून झिजू नयेत म्हणून इंजिनाशेजारी काचेची एक लहान बाटली लटके, तिच्यात ‘मार्व्हल मिस्टरी ऑइल’ नावाचे लाल पातळ तेल. पंपाच्या ओढीने ते थेंबथेंब आत जाई. पेट्रोल भरताना बाटली पाहायची ही सवय लावून घ्यावी लागे. ज्याने ती लावली त्याचा पंप अनेक वर्षे चालला. बाटली कोरडी राहिली तर पाती झिजत आणि पंप अडकून बसे. कारखान्यातून आलेल्या गाडीपेक्षा हात लावलेल्या गाडीला मालकाचे लक्ष जास्त लागते, हे त्या बाटलीने हजारो घरांत शिकवले.

याच सुमाराला कॅलिफोर्नियात रॉबर्ट पॅक्स्टन मॅककलक यांचा पंप आला. १९६८ मध्ये लंडन ब्रिज विकत घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात नेणारे ते हेच मॅककलक. त्यांचा ‘व्हीएस-५७’ केंद्रोत्सारी होता आणि त्यातली चलाखी पोलादी गोळ्यांत होती. दातेरी चाकांऐवजी गोळ्या खोबणीत दाबून फिरवून ते पंख्याचा वेग पुलीच्या चौपटीहून जास्त वाढवत. आवाज कमी, झीज बेताची. शिवाय पुलीचा व्यास चालत्या गाडीत बदले, म्हणजे शहरात पंप हळू आणि जोर हवा तेव्हा जलद. कायझर कंपनीकडे नवे व्ही-८ इंजिन बनवायला पैसा नव्हता. तिने १९५४ मध्ये आपल्या जुन्या सहा-सिलिंडर इंजिनाला हाच पंप लावला आणि ११८ अश्वशक्तीचे इंजिन १४० वर नेले. स्टूडबेकरचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९५६ च्या गोल्डन हॉकमध्ये पॅकार्डचे ३५२ घनइंचांचे अवजड इंजिन होते, २७५ अश्वशक्तीचे. पुढच्याच वर्षी त्या जागी २८९ घनइंचांचे इंजिन आणि मॅककलकचा पंप आला. अश्वशक्ती बरोबर २७५. गरीब कंपन्यांना हा पंप मोठ्या इंजिनाऐवजी परवडत होता, हे बेंटलींच्या मताला मिळालेले उत्तर म्हणता येईल.

ते उत्तर फार काळ टिकले नाही. १९५७ मध्ये नॅस्कार या अमेरिकी शर्यत संघटनेने सुपरचार्जरवर बंदी घातली, आणि १९६० च्या दशकात पेट्रोल इतके स्वस्त होते की मोठ्या कंपन्यांनी सरळ सात-सात लिटरची इंजिने विकली. तेलसंकटानंतर लहान इंजिनांचे दिवस परत आले, तेव्हा जागा टर्बोने घेतली. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचे त्यावरचे पेटंट १९०५ चे. टर्बोचा पंप क्रँकशाफ्टवर नव्हे तर धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूवर फिरतो, म्हणून तो इंधनाच्या हिशेबात सरस ठरतो. त्याचा दोष म्हणजे पाय दाबल्यावर जोर यायला लागणारा क्षणभराचा उशीर. सुपरचार्जर पट्ट्याने बांधलेला असल्याने लगेच धावतो.

हौशी माणसाच्या दृष्टीने फरक आणखी एका ठिकाणी पडतो. टर्बो बसवायचा तर धुराचे मॅनिफोल्ड बदलावे लागते, लालभडक तापणारा भाग बोनेटखाली सामावून घ्यावा लागतो, तेलाच्या नळ्या जोडाव्या लागतात. सुपरचार्जर इंजिनाच्या थंड बाजूला बसतो. म्हणूनच कारखान्यांनी टर्बो निवडला तरी घरगुती संचांचा बाजार सुपरचार्जरकडे राहिला. १९८० च्या दशकाअखेर फोर्ड मस्टँगच्या पाच-लिटर इंजिनासाठी पॅक्स्टन कंपनीचे, आणि पुढे १९९० नंतर व्होर्टेक कंपनीचे संच मोठ्या संख्येने खपले. २२५ अश्वशक्तीच्या त्या गाडीत इंधन-इंजेक्शन होते आणि इथे जुन्या दुखण्यावर उतार पडला. कार्ब्युरेटरच्या काळात दाबाखाली मिश्रण पातळ होई, आतला पोकळ तरंगता गोळाही चेपे. इंजेक्शनमध्ये पेट्रोल मोजून वाढवता आले, नॉक-सेन्सर ठोका ऐकून ठिणगी मागे घेऊ लागला, आणि पंप व इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवून हवा थंड करणे सोपे झाले. कॅलिफोर्नियात प्रदूषणाचा कायदा कडक. तिथे संच विकायचा तर राज्याच्या हवा मंडळाकडून चाचणी करून मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागे. बोनेटखाली चिकटवलेली त्या क्रमांकाची पट्टी नसेल तर गाडी तपासणीत अडके.

सुपरचार्ज्ड साध्या गाडीचा सर्वांत आवडता अलीकडचा नमुना म्हणजे २००१ च्या अखेरीपासून बनलेली मिनी कूपर एस. १.६ लिटरचे इंजिन, ईटन कंपनीचा ‘एम-४५’ हा रूट्स पद्धतीचा पंप आणि १६३ अश्वशक्ती. नावातला ४५ म्हणजे एका फेरीत ढकललेल्या हवेचे घनइंच. या गाडीवरचा सर्वांत सोपा उपाय पंपाची पुली लहान करण्याचा: व्यास १५ टक्क्यांनी कमी केला की पंप सुमारे १७.६ टक्के जलद फिरतो, दाब वाढतो आणि मालक खूश होतो. पण त्या गाडीत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही सुपरचार्जरच्याच दांड्यावर चालतो. सुपरचार्जरच्या टोकाच्या कप्प्यांतले मूठभर तेल आटले की दातेरी चाके झिजतात, पाण्याचा पंप थांबतो आणि इंजिन तापून बसते. ते तेल बदलण्याची सूचना नेहमीच्या देखभालीत नव्हती. जाणते मालक पुली बदलतानाच ते भरून घेतात. जडसनच्या बाटलीची ही पुढची पिढी. मिनीनेही २००६ च्या नव्या मॉडेलपासून टर्बो घेतला.

भारतात असा संच रस्त्यावरच्या गाडीला बसवण्याआधी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचणे भाग आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ पुन्हा स्पष्ट केला. गाडी हौसेने हाताळणाऱ्याने पुलीला पाना लावण्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.